शेरूचा घोळणा

पंचवटीतल्या माझ्या दवाखान्यात गणेशवाडीच्या भाजीबाजारातल्या मावशी शेरूला रिक्षात घालून घेऊन आल्या. "डॉक्टर, याचा घोळणा फुटायचा थांबतच नाही हो. गोचीड तापाच्या गोळ्या दोनदा देऊन झाल्या."

कुत्र्याच्या नाकातून रक्त आलं की आपल्याकडे पहिला संशय गोचीड तापाचाच येतो, आणि तो रास्तही असतो. पण शेरूला ताप नव्हता, हिरड्या गुलाबी होत्या, प्लेटलेट पुरेशा होत्या. रक्त फक्त उजव्या नाकपुडीतून येत होतं आणि त्या बाजूचं नाकाचं हाड बोटाला किंचित उंच लागत होतं. मी ओला स्वॅब नाकपुडीत फिरवला, काचपट्टीवर हलकेच लोळवला, वाळवून रंगवला. तेलाच्या भिंगाखाली सुट्या, गोल पेशींची गर्दी दिसली. मोठं केंद्रक, मध्येच विभाजन चाललेल्या पेशी आणि निळसर पेशीद्रवात ओळीने स्वच्छ, गोल पोकळ्या. टीव्हीटी! म्हणजे कुत्र्यांमधली संसर्गजन्य लैंगिक गाठ.

"अहो, पण ती तर खाली होते ना?" मावशींनी विचारलं. बहुतेकदा खालीच होते. पण नर मादीला हुंगतो, चाटतो, आणि गाठीच्या जिवंत पेशी त्याच्या नाकात रुजतात. इथे विषाणू वगैरे काही नसतो. कर्करोगाची पेशीच एका कुत्र्यातून दुसऱ्यात जाते. नोविन्स्की या रशियन पशुवैद्यकाने 1876 मध्ये गाठीचा तुकडा निरोगी कुत्र्यांत रुजवून हे दाखवलं होतं. कुत्र्याच्या पेशीत 78 गुणसूत्रं असतात, या गाठीत साधारण 60च्या आसपास. हजारो वर्षांपूर्वीच्या एकाच कुत्र्यात जन्मलेल्या या पेशी आज शेरूच्या नाकात वाढत होत्या. मला हे दर वेळी थक्क करतं.

औषध व्हिन्क्रिस्टीन, आपल्या अंगणातल्या सदाफुलीतून मिळणारं. आठवड्याला एक इंजेक्शन, शिरेतूनच; थेंबभर बाहेर सांडलं तरी कातडी जळते. प्रत्येक डोसआधी पांढऱ्या पेशी मोजायच्या. दुसऱ्या इंजेक्शननंतर शेरूचं रक्त थांबलं.

मग मी मावशींना बाजारातल्या माद्यांबद्दल विचारलं. एक तांबडी मादी कित्येक महिने 'हीटवर' होती म्हणे. हीटचं रक्त दोन-तीन आठवड्यांत थांबतं, महिनोन्महिने चालत नाही. हातमोजा घालून तपासलं, तर आत फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी, हात लागताच रक्त येणारी गाठ. काचेवर त्याच पेशी. तिचीही इंजेक्शनं सुरू केली आहेत. कोर्स संपेपर्यंत मावशी तिला शेडमध्ये बांधून ठेवतात, आणि बाजारातले बाकीचे नर मी एकेक करून तपासतो आहे.