नदीपलीकडची मावशी

माझी आई कर्वेनगरला राहते आणि मावशी सिंहगड रोडला, माणिकबागेत. मध्ये फक्त मुठा नदी. आईच्या सोसायटीच्या गच्चीत उभं राहिलं की पलीकडच्या इमारती दिसतात, आणि दिवाळीत तर पलीकडचे आकाशकंदील मोजत बसता येतं. अंतर म्हणाल तर चार किलोमीटर असेल-नसेल. आई तिच्या स्कूटीवर राजाराम पुलावरून टुणकन जायची. जाताना डब्यात काहीतरी, येताना त्याच डब्यात दुसरं काहीतरी. दर मंगळवारी. वर्षानुवर्षं.

गेल्या पावसाळ्यात आईची स्कूटी खडीवरून घसरली. डाव्या मनगटाला प्लेट बसली. हात बरा झाला, पण भीती काही गेली नाही. स्कूटी आता पार्किंगमध्ये कव्हर घालून उभी आहे. आई चौसष्ट, मावशी बहात्तर आणि गुडघेदुखीनं बेजार. दोघींच्या मंगळवारची जागा व्हिडिओ कॉलनं घेतली. त्यात मावशीचं अर्धं कपाळ दिसतं आणि आईचा पंखा!

आता तुम्ही म्हणाल, रिक्षानं जावं की. जाते ना. पण येताना संध्याकाळी रिक्षा मिळणं म्हणजे नशिबाचा खेळ, आणि आमच्या मातोश्रींना ‘रिक्षावर पैसे उधळणं’ मनापासून पटत नाही. बसनं जायचं तर एक बदलायची, दुसरीची वाट बघायची, आणि चढताना मनगट सांभाळायचं. त्यामुळे ‘बघू पुढच्या आठवड्यात’ असं होत होत सहा-सात आठवडे सहज जातात.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे मेट्रो. पुण्यात चार माणसं कॉफीला जमली आणि मेट्रोवरून भांडण झालं नाही, असं होऊच शकत नाही. भुयारी की उन्नत, या वादात आपण किती वर्षं घालवली आठवतंय? प्रकल्प अहवाल २००९ चा, भूमिपूजन २४ डिसेंबर २०१६ ला, आणि पहिली गाडी धावली ६ मार्च २०२२ ला. म्हणजे अहवाल आला तेव्हा मी शाळेत होते आणि गाडी आली तेव्हा मास कॉमची डिग्री घेऊन नोकरी सोडायच्या बेतात होते.

आमच्या ग्रुपमधलं ताजं भांडण झालं ते नोव्हेंबर २०२५ मधल्या बातमीवरून. केंद्रीय मंत्रिमंडळानं पुण्यासाठी आणखी दोन मार्गिका मंजूर केल्या. एक खराडी-हडपसर-स्वारगेट-खडकवासला, आणि दुसरी नळ स्टॉप-वारजे-माणिकबाग. दोन्ही मिळून ३१ किलोमीटरच्या वर, २८ स्टेशनं, ९,८५७ कोटी रुपये, पाच वर्षांची मुदत. माणिकबाग! मी बातमी दोनदा वाचली. नदीच्या या काठावरून त्या काठाला जाणारी मेट्रो. आईची आणि मावशीची मेट्रोच म्हणा ना!

पण आमचा आयटीवाला मित्र खवळला. “याची गरज काय? मेट्रो जिथे ऑफिसं आहेत तिथे न्या. वारज्याहून माणिकबागेत कोण जातं रोज?” त्याचा राग मी समजू शकते. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये त्याची तरुणपणाची वर्षं गेली आहेत, आणि हिंजवडी-शिवाजीनगर मेट्रोची वाट बघताना त्याचे केसही. त्या मार्गासाठी विद्यापीठासमोरचा उड्डाणपूल २०२० मध्ये पाडला, तेव्हा तो टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी होता.

अर्बन प्लॅनिंग शिकलेली मैत्रीण त्याच्याही वरताण. तिच्या मते दोन उपनगरं जोडायला एवढी जंगी मेट्रो लागतच नाही. तिनं नॅपकिनवर गणित मांडलं. केंद्र सरकारनं २०१९ मध्ये ‘मेट्रोलाइट’चे निकष काढले. म्हणजे आपली ट्रामची सुधारित नात. तीन डब्यांची छोटी गाडी, शक्यतो रस्त्याच्या पातळीवर कुंपण घातलेल्या रुळांवरून धावणारी. एका दिशेनं तासाला पंधरा हजार माणसं नेण्यापर्यंत तिची कुवत. त्याहून छोटी ‘मेट्रो निओ’. ती तर रबरी टायरांची आणि वरच्या तारेतून वीज घेणारी, झेप तासाला आठ हजारांची. “गर्दी तेवढी असेल तर तेवढीच गाडी घ्या ना! लग्नाला दोनशे माणसं येणार तर दोन हजारांचा हॉल कशाला?”

मुद्दा बिनतोड होता. पण या छोट्या गाड्यांचं आपल्याकडे झालं काय? नाशिकच्या निओची घोषणा २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात झाली, आकडेही झळकले, आणि नाशिककर अजून आपल्या गाडीवरूनच फिरतात. पुण्यातला एचसीएमटीआर, म्हणजे उपनगरांना गोल जोडणारा वर्तुळाकार मार्ग, १९८७ च्या विकास आराखड्यात आहे. हो, १९८७! माझ्या जन्माच्याही आधी. त्यावर कधी बस धावणार होती, कधी निओ. धावला तो फक्त कागद. शहराच्या मध्यातून बाहेर जाणारे रस्ते आपण मोठे करतो, पण एका उपनगरातून शेजारच्या उपनगरात जायचं म्हटलं की आधी डेक्कन नाहीतर स्वारगेटला हजेरी लावून या!

माझं मत विचाराल तर मी त्या दिवशी आयटीवाल्याशी तावातावानं भांडले. माझं म्हणणं एवढंच, की रोज कोण जातं ते आपण मोजतो कसं? रस्त्यावर उभं राहून गाड्या मोजतो, बसमधली माणसं मोजतो. पण माझी आई जी जात नाही, ती कोणत्या रकान्यात येते? न केलेल्या प्रवासाचा सर्व्हे होत नाही. नऊ वाजता लॅपटॉपची बॅग घेऊन निघणारा माणूस दिसतो. अकरा वाजता बहिणीकडे, गाण्याच्या क्लासला, डोळे तपासायला निघणारी आणि ‘जाऊ दे’ म्हणून परत चपला काढणारी बाई दिसत नाही. दुपारी ट्यूशनला जाणारी आठवीतली मुलगी दिसते ती आईच्या नाहीतर बाबांच्या मागच्या सीटवर. त्यांची अर्धी संध्याकाळ यातच जाते.

भाषण छान झालं. टाळ्या नाही पडल्या, पण बिल आयटीवाल्यानं भरलं.

मैत्रीण मात्र निघताना एक वाक्य बोलली, आणि ते माझ्या डोक्यात राहिलं. “पाच वर्षांनी गाडी येईल. तोपर्यंत त्या दोघींनी काय करायचं?”

खरं सांगते, हे मला सुचलंच नव्हतं. मी जिंकण्याच्या नादात होते. आईला बातमी सांगितली तेव्हा ती खूश झाली, लगेच मावशीला फोन लावला. मावशीनं शांतपणे बेरीज केली. “म्हणजे मी सत्त्याहत्तर. बेबी, पाच म्हणतात ते सात धर. एकोणऐंशी.” आणि मग दोघी हसल्या. मला काही हसू आलं नाही.

त्यात सिंहगड रोडचे हाल तुम्हाला ठाऊक आहेतच. उड्डाणपूल आत्ता आत्ता, २०२४ आणि २०२५ मध्ये टप्प्याटप्प्यानं खुला झाला. तिथले लोक कुठे धूळ झटकून बसताहेत, तर पुन्हा खोदकाम. कर्वे रोडवरच्या दुकानदारांनी ती वर्षं काढली आहेत. नळ स्टॉपचा डबल डेकर पूल आज ऐटीत उभा आहे, पण तो होईपर्यंत तिथल्या किती पाट्या बदलल्या ते आम्ही रोज बघत होतो. आमच्या घरमालकांना मात्र आत्तापासूनच मेट्रोचा वास आलाय. करार रिन्यू करताना ‘स्टेशन जवळ येणार’ असं त्यांनी दोनदा सांगितलं. स्टेशन २०३० मध्ये, भाडं मात्र या महिन्यापासून!

तर माझं आजचं मत असं, की मेट्रो हवीच, नदी ओलांडून हवी, छोटी असती तरी चाललं असतं. आणि तोवर राजाराम पुलावरून दर दहा मिनिटांनी एक छोटी बस हवी. नुसती फेऱ्या मारणारी, कर्वेनगर ते माणिकबाग आणि परत. तिला ना भूमिपूजन लागतं ना फीत. बहुधा म्हणूनच ती कोणाला सुचत नसावी.

गेल्या रविवारी आईच्या डोक्यात वेगळंच शिरलं. “आहे ती मेट्रो तरी दाखव मला.” मी म्हटलं, चल, मावशीकडेच जाऊ मेट्रोनं. कर्वेनगरहून रिक्षानं नळ स्टॉप, तिथून जिल्हा न्यायालय स्टेशन. तिथे गाडी बदलायला उंचावरून थेट जमिनीखाली तेहतीस मीटरवर उतरायचं. सरकत्या जिन्यांवर आईनं माझा दंड जो धरला तो शेवटपर्यंत सोडला नाही. कसबा पेठ गेलं, मंडई आलं. आईचं माहेर शुक्रवार पेठेतलं. ती खिडकीतल्या अंधाराकडे बघत म्हणाली, “म्हणजे आत्ता आपण आमच्या वाड्याच्या खालून चाललोय?” वाडा पडून पंधरा वर्षं झाली, तिथे आता सहा मजली इमारत आहे. ते मी बोलले नाही.

स्वारगेटला वर आलो, बस धरली, माणिकबागेत उतरलो. चार किलोमीटरवरच्या बहिणीकडे जायला सगळं मिळून दीड तास लागला. शहराचा अर्धा फेरा मारून! मावशी दारातच उभी होती. “मुंबईहून लवकर आली असतीस गं,” एवढंच म्हणाली. मग डबा उघडला गेला, मनगटाची प्लेट चाचपली गेली, एक जुनं भांडण उकरून काढून मिटवलं गेलं. मी सोफ्यावर पेंगत होते.

निघताना मी रिक्षा बुक केली. बघते तर मावशी छोटी पिशवी भरून तयार. दोन दिवस राहायला येते म्हणाली, परतीचं परत बघू. दोघींना मागे बसवलं, मी कडेला कशीबशी अंग चोरून. रिक्षावाले काका म्हणाले, “कुठनं घेऊ? म्हात्रे पूल का राजाराम?”

“राजाराम!” दोघी एकदम ओरडल्या.