कसा काढला, तेही सांगा

मार्च १८५१ मध्ये लंडनच्या ‘द केमिस्ट’ या नियतकालिकात फ्रेडरिक स्कॉट आर्चर नावाच्या शिल्पकाराने काचेवर फोटो घेण्याची आपली रीत छापून टाकली. काचेवर कलोडियनचा चिकट थर द्यायचा, ती सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात बसवायची आणि ओली असतानाच धुवायची. पेटंट त्याने घेतलंच नाही. पुढची तीसेक वर्षं जगभरच्या स्टुडिओंचा धंदा या रीतीवर चालला. आर्चर मात्र १८५७ मध्ये गरिबीत वारला.

त्याच इंग्लंडात विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बटने कागदी निगेटिव्हची आपली पद्धत १८४१ मध्ये पेटंट करून ठेवली होती. बरीच ओरड झाल्यावर १८५२ मध्ये त्याने हात सैल केला, पण अर्धाच. हौशी लोकांनी खुशाल फोटो काढावेत, पैसे घेऊन पोर्ट्रेट काढणाऱ्यांनी मात्र परवाना घ्यावा. हौशी आणि व्यावसायिक यांच्यामधली रेघ इतक्या उघडपणे आखण्याची छायाचित्रणातली ही बहुधा पहिलीच वेळ. डिसेंबर १८५४ मध्ये लंडनच्या ज्यूरीने निकाल दिला, की कलोडियन वापरणारा टॅल्बटच्या पेटंटचा भंग करत नाही, आणि वाट मोकळी झाली.

छायाचित्रणाच्या इतिहासात लेन्स आणि कंपन्यांची नावं ठळक असतात. पण हे कसब वाढलं ते ‘हे मी असं केलं’ असं सांगणाऱ्यांमुळे.

ज्या वर्षी लंडनमध्ये तो निकाल लागला, त्याच वर्षी मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे उभी राहिली. सरकारी अधिकारी, लष्करातले कॅप्टन, डॉक्टर असे लोक तिथे जमत, एकमेकांचे फोटो बघत आणि रसायनांवर बोलत. बोलण्यासारखं पुष्कळ होतं. ओली काच धुण्यासाठी लंडनच्या हवेत दहा-पंधरा मिनिटं मिळत. मुंबईच्या उन्हाळ्यात थर त्याआधीच सुकायला लागे, द्रावणं बिघडत, तंबूतल्या डार्करूममध्ये घामाचे थेंब काचेवर पडत. विलायती पुस्तकात यावर उत्तर नव्हतं. ते इथल्याच कुणीतरी शोधायचं आणि दुसऱ्याला सांगायचं होतं. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी या मंडळींत होते. हरिश्चंद्र चिंतामण १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधल्या फोटोग्राफीच्या वर्गात शिकले आणि पुढे मुंबईत स्टुडिओ थाटून बसले. म्हणजे या देशातल्या पहिल्या काही व्यावसायिकांपैकी एक जण शिकला तो वर्गात, चारचौघांत. १८५६ पासून जॉन्सन आणि हेंडरसन या छायाचित्रकारांनी इथल्या माणसांचे आणि इमारतींचे मूळ प्रिंट चिकटवलेले अंक काढले. त्या मालिकेच्या नावातच ‘अमॅच्युअर’ हा शब्द होता.

विसाव्या शतकात ही परंपरा क्लबांनी चालवली. मुंबईत १९३७ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया निघाली, १९५३ मध्ये देशभरच्या क्लबांचा महासंघ झाला. क्लबातली संध्याकाळ साधी असे. माउंट केलेली प्रिंट स्टँडवर ठेवायची, वर दिवा लावायचा, फोटो कुणाचा ते सांगायचं नाही आणि बोलायला लागायचं. उजव्या कोपऱ्यात तो पांढरा डाग कशाला? काळ्यात तपशील आहे का, की नुसतं काळं आहे? हातावर थोडं बर्निंग करायला हवं होतं. ज्याचा फोटो आहे तो गप्प बसून ऐकतोय. ‘पण त्या दिवशी पाऊस होता, मला पुढे जाता आलं नाही’ ही त्याची कैफियत कुणी विचारलेली नसते, कारण प्रिंटबरोबर पाऊस येत नाही. ही शिस्त फार मोलाची होती. काढणाऱ्याच्या डोक्यात फोटोभोवतीची सगळी हकीकत असते, बघणाऱ्यासमोर फक्त चार कडा असतात. या दोन गोष्टींमधलं अंतर एकट्याने कधीच कळत नाही.

क्लबांचं नुकसानही त्याच स्टँडवर झालं. गुण द्यायचे म्हटल्यावर गुण मिळवून देणारे फोटो होऊ लागले. विडीचा धूर सोडणारा पागोटेवाला म्हातारा, चाकावरचा कुंभार, तिरप्या उन्हात धूळ उडवत निघालेली मेंढरं. विषय एक तृतीयांशावर हवा, नजर फ्रेमच्या आत वळलेली हवी. हे नियम शिकण्यापुरते चांगले आहेत. परीक्षकाच्या हातात पडले की ते फोटो बघण्याऐवजी मोजायला लावतात. फोटोवरची चर्चा आणि फोटोचं गुणांकन ही दोन वेगळी कामं आहेत, ती एका संध्याकाळी करू नयेत.

तंत्रावरची खरी चर्चा कशी असते, हे बघायचं तर आषाढी वारीचे फोटो समोर घ्यावेत. दरवर्षी शेकडो कॅमेरे पालखीबरोबर चालतात: वर्तमानपत्रांचे, कॉलेजातल्या मुलांचे, बँकेतून रजा काढून आलेल्या हौशींचे. सगळ्यांची अडचण एकच. पांढरं धोतर, पांढरी टोपी आणि उन्हाने रापलेला चेहरा. कॅमेऱ्याच्या मीटरला पांढरं-काळं कळत नाही. समोर जे आहे ते सरासरी करड्या रंगाचं आहे, असं धरून तो हिशेब करतो. फ्रेम पांढऱ्या कपड्यांनी भरली की तो उजेड कमी करतो. मग पांढरं मळकट येतं आणि चेहरे काळवंडतात. तिथे पाऊण-एक स्टॉप वाढवावा लागतो. पण हाच वारकरी एकटा, काळ्याभोर ढगाखाली, ओल्या मातीच्या शेतातून चालत असेल, तर मीटर उलटा फसतो. तो उजेड वाढवतो आणि टोपी जळते. तिथे कमी करावं लागतं. नवशिक्याला कुणी ‘वारीत प्लस वन ठेव’ असं सांगितलं, तर त्याचे निम्मे फोटो वाया जातील. ‘फ्रेममध्ये पांढरं किती आहे ते आधी बघ’ असं सांगितलं, तर तो लग्नातही चुकणार नाही.

यावर दोन जुन्या हातांचे दोन उपाय असतात आणि दोन्ही ऐकण्यासारखे आहेत. बातमीसाठी फोटो काढणारा स्पॉट मीटर टोपीवर धरतो, त्या मोजमापाहून दीड-दोन स्टॉप वाढवतो आणि पांढरं जळण्याच्या जरा अलीकडे ठेवतो. चेहरा रॉ फाइलमधून नंतर वर काढता येतो, गेलेली टोपी परत येत नाही. फिल्मवर शिकलेला हौशी आपला तळहात त्याच उजेडात धरून त्यावर मीटर करतो आणि एक स्टॉप वाढवतो, मग समोर कुणीही येवो. यामागे जो विचार आहे, तो अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स आणि फ्रेड आर्चर (कलोडियनवाला आर्चर नव्हे) या दोघांनी १९४० च्या सुमाराला लॉस एंजेलिसच्या आर्ट सेंटर स्कूलमध्ये शिकवताना झोन सिस्टिम म्हणून बांधला. कुठला उजेड कुठल्या छटेवर बसवायचा, हे मीटरवर सोडायचं नाही, फोटो काढणाऱ्याने ठरवायचं. अ‍ॅडम्सने तो कॅमेरा, निगेटिव्ह आणि प्रिंट अशा तीन पुस्तकांत विस्ताराने लिहून ठेवला. आपल्या प्रिंट विकणाऱ्या माणसाने त्या कशा होतात ते जगाला सांगितलं, आणि त्याच्या प्रिंटची किंमत त्यामुळे कमी झाली नाही.

वारीतच, सदाशिवनगर किंवा खुडूसच्या गोल रिंगणात दुसरा वाद निघतो. अश्व धावतो तेव्हा एक हजारांश सेकंदाचा शटर ठेवून तो हवेत गोठवावा, की तीसांश सेकंदावर त्याच्याबरोबर कॅमेरा फिरवत पार्श्वभूमीची रेघोटी करावी? पॅनिंगमध्ये वेग दिसतो, पण दहातले नऊ फोटो फुकट जातात आणि अश्व काही दहा वेळा येत नाही. ज्यांनी रिंगणं बरीच बघितली आहेत ते मात्र तिसरीच गोष्ट सांगतात: अश्व पुढे गेला की कॅमेरा खाली घेऊ नका. टापांखालची माती कपाळाला लावायला वारकरी वाकतात. तो क्षण कुठल्याही सेटिंगवर मिळतो, फक्त तिथे थांबावं लागतं. असली माहिती कॅमेऱ्याबरोबरच्या पुस्तिकेत नसते.

जेजुरीला सोमवतीच्या दिवशी भंडाऱ्यावरही असंच बोलणं होतं. ऊन पाठीमागून आलं तर उधळलेली हळद पेटल्यासारखी दिसते, समोरून आलं तर सपाट. पिवळा रंग फार दाट झाला की त्यातला तपशील जातो आणि एकूण हिस्टोग्राम ठीक दिसत असूनही लाल रंगाची रेघ उजव्या कडेला आपटलेली असते. म्हणून तिन्ही रंगांचे हिस्टोग्राम वेगळे बघायचे. आणि तिथे लेन्स बदलायची नाही, हे सांगायला कुणी गुरू लागत नाही.

हौशी आणि व्यावसायिक एकत्र बसले की चर्चेला वजन येतं, याचं कारण दोघांची बांधिलकी वेगळी आहे. व्यावसायिकाला फोटो घेऊनच परतावं लागतं. उजेड वाईट असो, नवरदेव उशिरा येवो, मंत्र्यांचा कार्यक्रम बंद खोलीत हलवलेला असो. त्यामुळे त्याच्याकडे अडचणीतून सुटण्याच्या शंभर युक्त्या असतात. हौशी माणसाला रिकाम्या हाताने परत येण्याची मुभा आहे. तो एकाच घाटात, एकाच झाडाखाली पुन्हा पुन्हा जाऊ शकतो आणि कुणी मागितलेले नाहीत असे फोटो काढू शकतो. गौतम राजाध्यक्ष रसायनशास्त्र शिकले, लिंटास या जाहिरात संस्थेत नोकरीला लागले आणि तिथे असतानाच त्यांचा पोर्ट्रेटवरचा हात बसला. पूर्णवेळ छायाचित्रकार ते १९८७ मध्ये झाले. ज्योती भट्ट हे बडोद्याचे चित्रकार आणि मुद्राचित्रकार. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात गुजरातच्या लोककलेचे फोटो घ्यायला निघाले आणि मग कित्येक वर्षं भिंतीवरची चित्रं, गोंदण, मातीची घरं टिपत राहिले. यांना कुठल्या खान्यात घालायचं, हा प्रश्नच गैरलागू आहे. टॅल्बटची रेघ कायद्याच्या कामाची होती, कसबाच्या कामाची कधीच नव्हती.

आज फोटो दाखवणं अतिशय सोपं झालं आहे आणि त्यावर बोलणं दुर्मीळ. अंगठा वर, ‘अप्रतिम’, ‘कुठला कॅमेरा?’ एवढ्यावर भागतं. ‘कुठे उभा होतास, तिथेच का?’ हे कुणी विचारत नाही. आणि सांगण्याची गरज पूर्वीपेक्षा वाढली आहे, कारण फोटोत काय आहे हे आता नुसतं बघून कळत नाही.

काजव्यांचे फोटो घ्या. मे संपता संपता भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाचीच्या रानात झाडं लखलखायला लागतात. त्यांचे जे फोटो सगळीकडे फिरतात, त्यातले बहुतेक एक फोटो नसतात. ट्रायपॉड हलवायचा नाही, अ‍ॅपर्चर उघडं, आयएसओ सोळाशे किंवा वर, तीस-तीस सेकंदांच्या फ्रेम घेत राहायच्या आणि नंतर प्रत्येक फ्रेममधले फक्त उजळ ठिपके एकावर एक ठेवायचे. तासाभरात १२० फ्रेम होतात. तासभर चमकलेले सगळे काजवे एकदमच चमकतायत असं दिसतं. हे तंत्र सुंदर आहे, त्यात लबाडी नाही, पण ते लपवलं तर लबाडी होते. तो फोटो बघून मुलांना घेऊन रानात गेलेला माणूस झाडापुढे उभा राहून म्हणतो, ‘एवढेच?’ आणि खरे काजवे त्याला कमी वाटतात. आंतरराष्ट्रीय सलोनच्या, म्हणजे छायाचित्र स्पर्धांच्या, निसर्ग विभागात फोटोतले घटक वाढवायला, काढायला किंवा हलवायला मनाई आहे, ती याच विश्वासापोटी.

इथेच मोकळेपणाची एक मर्यादाही येते. काजव्यांचा नर चमकून मादीला खूण करतो. टॉर्च, मोबाईल आणि गाड्यांचे दिवे त्या खुणा पुसतात. एखाद्या झाडाचा ठावठिकाणा फोटोबरोबर गेला, की पुढच्या शनिवारी तिथे गाड्यांची रांग लागते. घरट्यांचंही तसंच: घुबडाच्या ढोलीचा पत्ता फिरला की दहा लेन्स तिच्यासमोर उभ्या राहतात आणि आईबाप पिलांकडे यायचे थांबतात.

म्हणून फोटो दाखवणाऱ्या प्रत्येकाला विनंती आहे. शटर, अ‍ॅपर्चर, आयएसओ सांगा. किती फ्रेम जोडल्या, काय पुसलं, तेही फोटोखाली लिहा. उजेड कुठून येत होता आणि तुम्ही कुठे उभे होतात, ते नव्या मुलाने विचारलं तर बसवून समजावून द्या. मात्र काजव्यांचं झाड आणि पक्ष्याचं घरटं सांगू नका. मोबाईलमध्ये लोकेशन सुरू असेल तर फोटोच्या फाइलमध्येच जागेचे अक्षांश-रेखांश नोंदले जातात. पाठवण्याआधी ते काढून टाका.