जोखलेली जोखीम

व्यापारी घराण्यातील मुलांना दोन गोष्टी लहानपणीच शिकविल्या जातात. रोजमेळ जुळल्याशिवाय दुकान बंद करू नये, आणि हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागू नये. या दोन शिकवणुकींच्या बळावर कितीतरी पेढ्या तीन-तीन पिढ्या तरल्या. पहिली शिकवण आजही तितकीच खरी आहे. दुसरी मात्र, ऐन उमेदीच्या वयात पाऊल उचलू पाहणाऱ्याच्या पायात कधी कधी बेडी होऊन पडते.

असे एखादे घर प्रत्येक बाजारपेठेत सापडते. वडिलांची भुसाराची अडत आहे. मुलगी वाणिज्य शाखेची पदवीधर; आठ वर्षे पेढीचा हिशेब तीच सांभाळते. जीएसटीची विवरणपत्रे ती भरते, आणि शेजारचे चार दुकानदारही अडले की तिच्याकडेच येतात. हिशेब व करविषयक कामाचे स्वतःचे कार्यालय काढावे, हा विचार तिच्या मनात दोन दिवाळ्यांपासून आहे. जागा पाहून झाली, भाडे विचारून झाले. परंतु अनामत देण्याची वेळ आली की पाऊल अडते. "थोडा आत्मविश्वास आला की पाहू," असे ती म्हणते. "घाई कसली, बाळ? हे सगळे तुझेच आहे," असे वडील म्हणतात. आई काही बोलत नाही. आणि आणखी एक दिवाळी निघून जाते.

या घरात कोणाचाही हेतू वाईट नाही. वडिलांच्या सावधपणामागे माया आहे, मुलीच्या संकोचामागे जबाबदारीची जाणीव आहे. चुकला आहे तो केवळ क्रम. आत्मविश्वास हे भांडवल आहे, असे दोघांनीही गृहीत धरले आहे. वस्तुतः तो नफा आहे. नफा आधी पदरात पडावा आणि मग धंदा सुरू करावा, असे कोणताही शहाणा व्यापारी म्हणणार नाही. तरीही मनाच्या व्यवहारात मात्र हाच उलटा हिशेब मांडला जातो.

जोखमीची भीती ही व्यापाऱ्याची मूळ वृत्ती आहे, असेही म्हणता येत नाही. जुन्या व्यवहारात 'जोखमी हुंडी' नावाचा एक प्रकार होता. माल दूरच्या बंदरी रवाना करताना त्या मालावर ही हुंडी काढली जाई, आणि माल सुखरूप पोहोचला तरच तिचे पैसे द्यावे लागत. वाटेत माल बुडाला, तर ते नुकसान हुंडी घेणाऱ्याचे. म्हणजे पूर्वजांनी जोखीम टाळली नाही. तिची किंमत ठरविली आणि ती वाटून घेतली. मराठीत जोखणे म्हणजे वजन करणे, पारखणे. बाजारात हे दोन शब्द शेजारी शेजारीच वावरले. जी जोखलेली नाही, ती जोखीम व्यापाराची नव्हे, जुगाराची.

सोलापूरच्या दोशी घराण्यात २३ नोव्हेंबर १८८२ रोजी जन्मलेले वालचंद हिराचंद यांचे चरित्र या दृष्टीने पुन्हा पाहण्यासारखे आहे. जहाजे, विमाने आणि मोटारी यांच्या कारखान्यांशी त्यांचे नाव जोडले गेले असल्याने ते जन्मतःच निर्भय असावेत, अशी समजूत होते. त्यांच्या आयुष्याचा आरंभ मात्र वेगळे सांगतो. घरचा व्यवसाय कापसाचा आणि सावकारीचा. गादीवर बसून आयुष्य सुखाने गेले असते. त्यात मन रमेना, म्हणून त्यांनी रेल्वेच्या कंत्राटांचा मार्ग धरला. हा घराण्याचा धंदा नव्हता. म्हणून त्यांनी जोडीला घेतले ते लक्ष्मणराव फाटक यांना, म्हणजे रेल्वेत कारकुनी केलेल्या गृहस्थांना. एकाजवळ त्या कामाची माहिती, दुसऱ्याजवळ बाजारातील पत. त्यांचे आरंभीचे काम होते बार्शी लाइट रेल्वेचे, स्वतःच्याच मुलुखातील एका अरुंद मार्गाचे. बोरघाटातील रेल्वेच्या बोगद्यांसारखी मोठी कामे पुढची. आधी बार्शी, मग बोरघाट. हा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे. लहान काम पार पडल्यावर जो विश्वास हाती आला, तोच मोठ्या कामाला पुरला.

समुद्रावरचे धाडस यानंतरचे. पहिले महायुद्ध संपले तेव्हा हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरील वाहतूक प्रामुख्याने ब्रिटिश कंपन्यांच्या हाती होती. वालचंदांनी नरोत्तम मोरारजी यांच्यासारख्या सहकाऱ्यांसह सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभारली आणि ग्वाल्हेरच्या महाराजांकडून 'लॉयल्टी' ही बोट विकत घेतली. ५ एप्रिल १९१९ रोजी ती मुंबईहून इंग्लंडकडे निघाली. त्या प्रस्थानाच्या स्मरणार्थ ५ एप्रिल हा आजही राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.

समारंभात सहसा सांगितली जात नाही ती गोष्ट यापुढची आहे. 'लॉयल्टी' १८९१ साली बांधलेली, म्हणजे तेव्हाच अठ्ठावीस वर्षांची जुनी बोट होती. ती फार काळ चालली नाही. १९२३ मध्ये भंगारात गेली. स्पर्धक कंपन्यांनी भाडी उतरवून नव्या कंपनीची कोंडी केली. त्याच १९२३ साली सिंदियाला एक करार पत्करावा लागला आणि परदेशी वाहतुकीपासून दूर राहून किनाऱ्यावरील मालवाहतुकीवर समाधान मानावे लागले. ज्या स्वप्नासाठी बोट निघाली होती, ते स्वप्न चार वर्षांत आखडले.

येथे एखादे घराणे म्हणाले असते, "सांगितले होते ना?" परंतु बोट गेली तरी कंपनी गेली नाही, कारण सगळे भांडवल एका बोटीवर लावलेले नव्हते, तोपर्यंत इतर मालवाहू बोटी घेतल्या गेल्या होत्या. किनाऱ्यावर धंदा करीत कंपनी टिकली. १९२९ पासून वालचंद तिचे अध्यक्ष होते. २१ जून १९४१ रोजी विशाखापट्टणम येथे जहाजबांधणी कारखान्याची कोनशिला डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते बसविण्यात आली. पुढच्याच वर्षी त्या शहरावर जपानी बॉम्ब पडले. तरीही १४ मार्च १९४८ रोजी तेथे बांधलेली 'जलउषा' पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरली. 'लॉयल्टी'च्या प्रस्थानाला तेव्हा एकोणतीस वर्षे होत आली होती, आणि वालचंद पासष्ट वर्षांचे होते. दरम्यान, डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने बंगळूरला उभा केलेला विमानांचा कारखाना १९४२ मध्ये सरकारने आपल्या हाती घेतला होता. जे उभे केले ते सारे हाती राहिलेच, असे नाही. ८ एप्रिल १९५३ रोजी त्यांचे निधन झाले. तोट्याची पाने या चरित्रात पुष्कळ आहेत; मात्र कोणत्याही एका पानाने वही बंद झाली नाही.

वालचंदांच्या मागे पत असलेले घराणे होते, सर्वांच्या मागे ते नसते, असा आक्षेप येथे घेतला जाईल, आणि तो रास्तही आहे. पण त्यातूनच खरा प्रश्न निघतो. ज्यांच्या मागे घराणे आहे, त्यांच्या घराण्याची पत कोणत्या कामी येते? लग्नसमारंभात ती दिसते, वास्तुशांतीला दिसते. घरातल्या तरुणाच्या पहिल्या पावलाखाली ती दिसते का?

त्या मुलीच्या घरी खरोखर काय करता येईल? एका संध्याकाळी बाप-लेकींनी वही घेऊन बसावे. अनामत, वर्षाचे भाडे, संगणक, एका मदतनिसाचा पगार, या रकमा एकाखाली एक लिहाव्यात. वर्षभर एकही नवा ग्राहक आला नाही तर किती पैसा बुडेल, तो आकडा कागदावर आणावा. मनात असताना भीतीला काठ नसतो. कागदावर आली की तिची बेरीज होते. तो आकडा घराला सोसवणारा नसेल, तर जागा लहान घ्यावी, किंवा पेढीच्या माडीवर दोन खुर्च्या मांडून आरंभ करावा. तिला जे येत नाही ते लिहावे आणि ते येणारा माणूस शोधावा, जसे वालचंदांनी फाटकांना शोधले. मुदत ठरवावी, वर्ष म्हणजे वर्ष, दर महिन्याला उलटतपासणी नको. आणि सर्वांत अवघड ते शेवटी: तोटा झाला, तर तो तिच्या खाती एकदाच लिहावा. पुढची वीस वर्षे प्रत्येक सणाला तो वाचून दाखवू नये. अनेक हुशार मुले पहिल्या तोट्याने खचत नाहीत. घरातील त्याच्या पारायणाने खचतात.

उलट बाजूही पाहिली पाहिजे. काही न करण्याचाही एक खर्च असतो. तो रोजमेळात येत नाही, म्हणून कोणाच्या ध्यानात येत नाही. आठ वर्षे ज्या हातांनी दुसऱ्यांची विवरणपत्रे भरली, त्या हातांना स्वतःची पाटी लावता आली नाही, ही नावेची बाजू आहे. पन्नाशीत ती मुलगी आपल्या लेकीला काय सांगेल, हेही त्याच खात्यात मोडते.

येत्या लक्ष्मीपूजनाला त्या घरी नवी वही उघडली जाईल, पहिल्या पानावर श्री लिहिले जाईल. वडिलांनी त्याच वहीत एक नवे खाते मुलीच्या नावाने काढावे, आणि ठरलेली रक्कम तिच्या नावे टाकून तिच्या हाती द्यावी. तिला आत्मविश्वास आला आहे की नाही, हे त्या दिवशी विचारू नये. त्याचा हिशेब पुढच्या दिवाळीला होईल.