गोळ्यांची पुडी

भोरांत बालपण काढूनही तोरणा चढायचा राहिला होता. गेल्या पौषांत, पंचावन्नाव्या वर्षीं, वेल्ह्याहून निघालों. मुलीनें पिशवींत ‘क’ आणि ‘ई’ जीवनसत्त्वांच्या गोळ्या घातल्या. “श्रमानें प्राणवायूचीं उपद्रवी रूपें वाढतात, हें तुम्हीच वर्गांत शिकवितां ना, बाबा?”

शिकवितों खरा, पण त्यापुढचेंही शिकवितों. पेशींतील एन्‌आर्‌एफ्-२ या प्रथिनाला कीप-१ नांवाचें दुसरें प्रथिन एरवीं धरून ठेवतें आणि नाशाकडे धाडतें. उपद्रव किंचित् वाढला, कीं ही पकड ढिली पडते. सुटलेलें प्रथिन पेशीकेंद्रांत शिरून ग्लूटाथायोनसारखीं रक्षक द्रव्यें घडविणारीं जनुकें जागीं करतें, आणि पुढचा घाव पेशी सोसते. पहिलाच घाव जबर असला, तर मात्र ती मरते. २००९ सालीं जर्मनींतील मिखाएल रिस्टो व त्यांच्या सहकाऱ्यांनीं चार आठवडे व्यायाम करणाऱ्या तरुणांना हींच दोन जीवनसत्त्वें दिलीं. व्यायामानें शरीर इन्शुलिनला अधिक दाद देऊं लागतें. गोळ्या घेणाऱ्यांत तो लाभ दिसलाच नाहीं.

पण ते तरुण होते. माझ्या पेशींना तोरणा किंचित् कीं जबर, हें कोणीं सांगावें? शिवाय आई गेल्यापासून ही पोर माझा श्वासन् श्वास मोजते.

बिनी दरवाज्याशीं धापा टाकीत बसलों. पुडी सोडली, पुन्हां बांधली. भाकरी खाल्ली.

संध्याकाळीं वेल्ह्यांतून फोन केला. “गोळ्या घेतल्या?”

“पाणी संपलें होतें,” मी म्हणालों.