फोटोची मागची बाजू

अहमदपूर, भाऊबीजेचा दुसरा दिवस, रात्र

तीर्थरूप आप्पांना,
शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि. आम्ही चौघेही सुखरूप आहोत. कंधार सोडून एक दिवस झाला नाही, तोवर सांगण्यासारखं एवढं साठलं, की फोनवर मावणार नाही. म्हणून पत्रच लिहितो.

निघताना तुम्ही ओट्यावरून म्हणालात, "फोटो काढायचे तर किल्ल्याचे काढा. पडक्या जागांचे कशाला?" तुमचा शब्द मोडायचा नव्हता, म्हणून आधी किल्ल्यावर गेलो. ऊन तिरपं होतं. खंदकाच्या पाण्यात तट उतरला होता. तुमच्या नातीने फोटो काढला, पण काळा दगड फोटोत करडा आला. काळं दिसलं की कॅमेरा आपणहून उजेड वाढवतो, म्हणून तो आपल्या हाताने थोडा कमी करायचा, एवढं तिला दाखवलं. पुढच्या फोटोत दगड दगडासारखा दिसला.

पण आप्पा, किल्ल्याची मला चिंता नाही. राष्ट्रकूट राजा कृष्ण तिसरा याच्या काळातला शिलालेख आपल्या गावात मिळाला, त्यात जगत्तुंग समुद्राचं नाव आहे. हजार वर्षांपूर्वीच्या तळ्याचं नाव आज आपल्याला घेता येतं, ते कुणीतरी दगडावर कोरून ठेवलं म्हणून. रस्त्याकडेच्या जागांचं तसं कोण लिहितं?

अहमदपूरच्या वाटेवर नवा रस्ता सरळ काढलाय. जुनं वळण बाजूला तसंच पडून आहे. दोन्हीकडे चिंचा, मध्ये डांबर फोडून वर आलेलं गवत, आणि वळणाच्या पोटात एक दगडी मोरी. आता तिच्यावरून बैलगाडीसुद्धा जात नाही. कठड्यावरच्या सिमेंटात ओलं असतानाच कुणीतरी काडीने आकडे ओढलेत : 1973. सातच्या शेपटाला बोटाचा ठसा आहे. मी त्यावर माझं बोट ठेवून पाहिलं. ठसा लहान आहे, बाईचा किंवा पोराचा असावा.

72 च्या दुष्काळात तुम्ही आणि आई रस्त्याच्या कामावर खडी फोडायला होतात, दुपारी सुकडी मिळायची, हे लहानपणापासून ऐकत आलो. हातोडी लागून वाकडं झालेलं आईच्या डाव्या अंगठ्याचं नख शेवटपर्यंत तसंच राहिलं. पण ते काम नेमकं कुठल्या रस्त्यावर होतं, हे मी तुम्हाला कधी विचारलंच नाही. आज त्या मोरीवर बसल्यावर त्याची फार चुटपुट लागली.

थोडं पुढे एक जुना प्रवासी निवारा आहे. फाटा सरकला, थांबा सरकला, निवारा मागे राहिला. आत शेळ्या बसल्या होत्या. भिंतीचा चुना पापुद्र्यांनी सुटलाय आणि खालून गेरूची अक्षरं वर आलीत : देवीचा रोगी कळवा, एक हजार रुपये मिळवा. नातीने विचारलं, "देवीचा रोगी म्हणजे?" तिला पिढ्यांचा तो धाक सांगितला. 1977 मध्ये भारत देवीमुक्त जाहीर झाला, तेही सांगितलं. ती बराच वेळ त्या अक्षरांकडे बघत उभी होती. मग म्हणाली, "बाबा, ही भिंत पाडली तर हे कुठे वाचायचं?" तिने फोटो दोनदा काढला, एकदा अक्षरांचा जवळून आणि एकदा रस्ता दिसेल असा लांबून. जागा कोणती ते लांबच्या फोटोत कळतं आणि तिथे काय घडलं ते जवळच्या.

कळावे. औषध वेळेवर घ्या.
आपला आज्ञाधारक मुलगा


औसा, तिसरा दिवस

तीर्थरूप आप्पांना,
शि. सा. नमस्कार.

आज किल्लारीला गेलो. हे पत्र लिहायला हात लवकर धजत नाही.

30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं. अनंत चतुर्दशीची रात्र, गणपती विसर्जन करून माणसं नुकती झोपलेली. मला त्या पहाटेचं एवढंच आठवतं, की कंधारला आपल्या घरातली भांडी फडताळातून खाली आली आणि तुम्ही मला उचलून अंगणात नेलं. इकडे लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत त्या भूकंपात सुमारे दहा हजार माणसं गेली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीच्या थरांचं जड माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारं तेच छप्पर अंगावर आलं. पिढीजात वाडे बसले आणि कुडाच्या, पत्र्याच्या खोपटांतली माणसं वाचली.

नंतर 52 गावं नव्या जागी वसली. नवी किल्लारी आखीव आहे, रुंद रस्ते, रांगेने घरं. जुन्या गावठाणावर मात वेडी बाभूळ माजलीय. तिच्यात शिरलं की पायाखाली अचानक फरशी लागते, जोत्याचे घडीव दगड लागतात, कुठे भिंतीचा कोपरा आणि त्यात दिवा ठेवायचा कोनाडा. कोनाड्याच्या वरच्या दगडावर काजळी अजून आहे.

नात त्या कोनाड्याचा फोटो घ्यायला एका जोत्यावर चढणार, तोच शेळ्या राखणारे एक म्हातारबाबा हाक मारून म्हणाले, "बाई, चपला काढून चढ. ते आमच्या भावकीचं देवघर हाय."

ती जागच्या जागी थांबली. चपला काढल्या, कॅमेरा गळ्यातून उतरवून माझ्या हातात दिला आणि त्यांना म्हणाली, "आजोबा, आधी तुम्ही सांगा." त्यांनी काठीने दाखवायला सुरुवात केली. हा ढाळज, ही न्हाणी, इथं कणगी, इथं सुनेची खोली. आम्हाला बाभळी दिसत होत्या, त्यांना घर दिसत होतं. घरातल्या माणसांची नावं घेताना त्यांचा आवाज बदलला नाही, फक्त काठी खाली टेकली. शेवटी म्हणाले, "आता काढ फोटो."

आप्पा, ओसाड जागा म्हणजे बेवारस जागा, असं मी आजवर समजत होतो. माझी चूक होती. जागा ओस पडली तरी तिचं माणूस असतं. शेजारच्या शेतात असेल, नव्या गावात असेल, नाहीतर पुण्याच्या एखाद्या चाळीत असेल. त्याला विचारल्याशिवाय काढलेला फोटो म्हणजे नुसत्या दगडांचा फोटो. आता मुलांशी ठरवलंय. कुठेही थांबलो की आधी माणूस शोधायचं. बंद दाराला हात लावायचा नाही. आणि देवघर कुठे होतं ते पहिल्यांदा विचारायचं.

कळावे.
आपला आज्ञाधारक मुलगा


बार्शी, पाचवा दिवस

तीर्थरूप आप्पांना,
शि. सा. नमस्कार.

येडशीच्या रानातून आलो. तुमची छोटी रेल्वे शोधत आलो, असंच म्हणा ना. अडीच फुटी रुळांची बार्शी लाइट. कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने ती बांधली. 1897 मध्ये ती बार्शीला आली, 1911 मध्ये लातूरला पोचली आणि लातूरची बाजारपेठ उभी राहिली ती तिच्याच बळावर. आषाढीला टपावर बसून पंढरपूरला गेल्याचं तुम्ही सांगता, ती हीच गाडी. धाराशिव गाव जुन्या लाइनीपासून दूर राहिलं होतं. 2007-08 मध्ये ब्रॉडगेज झालं तेव्हा ते जोडून घेतलं आणि जुन्या वाटेचा काही भाग सुटला.

त्या सुटलेल्या वाटेचा भराव रानात उभा आहे. रूळ नाहीत, स्लीपर नाहीत. वरून चालताना खडी मात्र पायाला लागते. तुमच्या धाकट्या नातवाने दोन्ही हात पसरून रुंदी मोजली आणि म्हणाला, "एवढ्याशा गाडीत आप्पा बसायचे?" मी त्याला तिथेच उभं केलं, हात तसेच पसरायला लावले आणि फोटो काढला. भरावाच्या मापाला माणसाचं माप मिळालं.

गुरं वळणारा एकजण भेटला. म्हणाला, चढावर गाडी एवढी हळू व्हायची, की पोरं उतरून बोरं तोडायची आणि पळत जाऊन पुन्हा चढायची. तुम्हीही तसंच करायचात का? हे जरूर कळवा.

आता मुख्य गोष्ट. इथल्या एका स्टुडिओत बावीस फोटो कागदावर काढून घेतले, ते या पत्रासोबत पाठवतो. आपल्या ट्रंकेत आईचा जत्रेतला फोटो आहे, त्याच्या मागे तुम्ही पेन्सिलीने लिहून ठेवलंय : माळेगाव, खंडोबाची यात्रा, दोन बैल विकले ते साल. समोरच्या बाजूला आई आहे, पण तो दिवस आहे तो मागच्या बाजूला. या बावीसपैकी एकवीस फोटोंच्या मागे नातीने गाव, तारीख आणि सांगणाऱ्याने सांगितलेलं दोन ओळींत लिहिलंय. देवघराच्या फोटोमागे तिने भावकीतली नावं लिहिलीत, म्हातारबाबांना विचारून विचारून.

एक फोटो मुद्दाम कोरा ठेवलाय. अहमदपूरच्या वाटेवरच्या मोरीचा. कठड्यावरचे आकडे आणि सातच्या शेपटाचा ठसा नीट दिसेल असा तो सकाळच्या उन्हात काढलाय. चष्मा लावून बघा. ती तुमच्या कामावरची मोरी असेल तर तसं लिहा. नसेल तर ते काम कुठे होतं, सोबत कोण होतं, सुकडी कशात वाढायचे, आईला हातोडी कुठे लागली, हे सगळं लिहा. पेन्सिल देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर आहे, टोक काढून ठेवली आहे.

कळावे.
आपला आज्ञाधारक मुलगा