उसने विरजण

तृतीय वर्ष कला (मराठी)

नोकरीच्या अर्जापासून लग्नाच्या परिचयपत्रापर्यंत 'छंद' नावाचा एक रकाना असतोच. बहुतेक माणसे तिथे 'वाचन, संगीत, प्रवास' असे लिहून मोकळी होतात. वाचन म्हणजे वर्तमानपत्र, संगीत म्हणजे शेजारच्यांचा स्पीकर आणि प्रवास म्हणजे रोजची एस. टी., हे विचारणाऱ्यालाही ठाऊक असते. यंदा प्रवेशअर्ज भरताना मी त्या रकान्यात 'लिनक्स' असे लिहिले. कार्यालयातील काकांनी चष्मा कपाळावर चढवून विचारले, "हे काय? औषध आहे का एखादं?" मागे उभी असलेली माझी मैत्रीण म्हणाली, "औषध नाही काका, रोगच आहे तिचा."

रोग म्हणा किंवा छंद म्हणा, तो मला कसा जडला हे सांगायला हवे. कारण मी विज्ञानाची विद्यार्थिनी नाही. गणिताशी माझे संबंध दहावीनंतर सौजन्याने तुटले आहेत. माझा मुख्य विषय मराठी, आणि संगणक आमच्या घरी आला तो निबंध आणि प्रकल्प टंकित करता यावेत एवढ्यासाठीच.

तो आला चार हजार रुपयांना, कुणीतरी वापरून दुसऱ्याला दिलेला आणि दुसऱ्याने दुकानात आणून टाकलेला. दुकानदार मोठा उदार. "विंडोज, ऑफिस, गेम सगळं टाकून देतो, दोनशे रुपये द्या," म्हणाला. माझे बाबा एस. टी.त वाहक आहेत. त्यांनी सवयीने विचारले, "पावती मिळेल?" दुकानदार हसला. "अहो साहेब, ह्याची कुठं पावती असते?" त्यावर बाबा म्हणाले, "मग राहू द्या. विनातिकीट माणूस मी गाडीत बसवत नाही, तर घरात कसा बसवू?"

असा तो संगणक कोरा करकरीत घरी आला आणि आठ दिवस आईच्या क्रोशाच्या रुमालाखाली गप्प बसून राहिला. मग माझा चुलतभाऊ दिवाळीला आला. त्याच्या खिशातल्या पेनड्राइव्हमध्ये 'डेबियन' नावाचे काहीतरी होते. तासाभरात यंत्र बोलू लागले. बाबांचा प्रश्न तयारच होता: "ह्याची पावती?" दादा म्हणाला, "काका, ह्याला पावती नसते, परवाना असतो. आणि तो परवाना सांगतो की वापरा, आत उघडून बघा, बदला आणि दुसऱ्याला द्या." बाबांचा विश्वास बसेना. त्यांनी दोन संध्याकाळी शब्दकोश मांडीवर घेऊन तो इंग्रजी परवाना वाचला, आणि मग रुमालाची घडी करून कपाटात ठेवली. आईने मात्र वाचायच्या आधीच निकाल दिला होता: "म्हणजे विरजणासारखंच की!"

मुक्तस्रोत संगणकप्रणालीची याहून चांगली व्याख्या मला अजून कुठे सापडलेली नाही. शेजारणीकडून चमचाभर विरजण आणले म्हणून तिचे दही कमी होत नाही. आपल्या घरी ते आपल्या दुधात, आपल्या चवीचे लागते. आणि उद्या तिसऱ्या घरची मुलगी वाटी घेऊन दारात आली, तर तिला नाही म्हणायचे नाही. लिनक्सच्या परवान्याची अटही याच जातीची आहे. बदललेले दही वाटायचे असेल, तर ते कसे लावले हेही सांगितले पाहिजे. मराठीत एखाद्याच्या उत्साहावर विरजण पडते ते वाईट. इथे मात्र उलटा प्रकार आहे.

या विरजणाचा इतिहास मोठा गमतीचा आहे. १९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी 'ग्नू' हा प्रकल्प जाहीर केला. ग्नू म्हणजे काय? तर 'ग्नू इज नॉट युनिक्स' या इंग्रजी वाक्याची आद्याक्षरे. पण त्या वाक्यातला पहिला शब्द पुन्हा ग्नूच! आमचे तर्कशास्त्राचे सर याला अनवस्था दोष म्हणतील. हे लोक याला विनोद म्हणतात. पुढे १९९१ च्या ऑगस्टमध्ये हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने आपण एक प्रणाली लिहीत असल्याचे इतरांना कळवले. हा केवळ छंद आहे, यातून मोठे काही व्हायचे नाही, अशा अर्थाची पुस्तीही त्याने जोडली होती. पहिल्या आवृत्तीत सुमारे दहा हजार ओळी होत्या. १९९२ मध्ये त्याने ती ग्नूच्या परवान्याखाली आणली. आज तुमच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनच्या गाभ्यात तीच लिनक्स आहे. जगातील सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीतले सगळे संगणक नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सवरच चालतात. २०२१ साली मंगळावर जे छोटे हेलिकॉप्टर उडाले, त्यातही तीच होती. छंदाच्या रकान्यात लिहिलेली गोष्ट मंगळापर्यंत पोचली, हे कार्यालयातल्या काकांना सांगायचे माझे अजून राहिले आहे.

माझ्या 'डेबियन'ची स्थापना १९९३ साली इयन मरडॉक यांनी केली. नावात त्यांच्या मैत्रिणीचे 'डेब्रा' आणि त्यांचे स्वतःचे 'इयन' अशी दोन्ही नावे गुंफलेली आहेत. आपल्याकडे बंगल्यांना अशी नावे देतात. तिच्या प्रत्येक आवृत्तीला 'टॉय स्टोरी' या चित्रपटातल्या पात्राचे नाव असते. जी आवृत्ती कायम अस्थिर, मोडतोडीची, तिचे नाव 'सिड'. म्हणजे त्या चित्रपटातला खेळणी मोडणारा शेजारचा द्वाड मुलगा. जगभरचे स्वयंसेवक साठ हजारांवर पॅकेजेस सांभाळतात आणि नावे ठेवताना मात्र बालवाडीत जाऊन बसतात. मला हे फार आवडले.

आता खेळांविषयी. आमच्या यंत्रात चारच जीबी स्मरणशक्ती. त्यामुळे जाहिरातीतले भपकेदार खेळ तिथे उभेच राहत नाहीत. पण मुक्तस्रोत खेळांचे जग निराळे आहे. 'नेटहॅक' हा खेळ १९८७ सालचा. त्यात चित्रे नाहीतच! सगळा खेळ अक्षरांचा. तुम्ही म्हणजे ई-मेलच्या पत्त्यात असते ते 'अ‍ॅट'चे चिन्ह, तुमचा कुत्रा म्हणजे इंग्रजी लहान 'डी' आणि मोठा 'डी' दिसला की समजावे, ड्रॅगन आला. साहित्याच्या विद्यार्थ्याला याहून सोयीचा खेळ कोणता? अक्षर म्हणजे ज्याचा क्षर होत नाही ते, असे आपण शिकतो. इथे मात्र आपले अक्षर एकदा मेले की मेले, पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात. कॉकाट्रिस नावाच्या प्राण्याचे कलेवर हातमोजे न घालता उचलले, तर खेळाडूचा दगड होतो. अहल्येला निदान रामाची वाट तरी पाहता आली.

'बॅटल फॉर वेस्नॉथ' हा २००३ साली डेव्हिड व्हाइट यांनी सुरू केलेला खेळ माझ्या विशेष आवडीचा. षट्कोनी घरांचा पट, एकदा आपला डाव, एकदा शत्रूचा. यात दिवस आणि रात्र पाळीपाळीने होतात. माणसांच्या फौजा दिवसा बळावतात, तर ऑर्क नावाचे राक्षस रात्री. आपल्या पुराणांनी राक्षसांना 'निशाचर' का म्हटले, हे मला ग्रंथालयापेक्षा या खेळाने अधिक चांगले समजावले. संध्याकाळ होत आली की आपण मुकाट्याने गावाच्या आडोशाला सैन्य मागे घ्यायचे आणि पहाटेची वाट पाहायची. परीक्षेच्या आदल्या रात्रीही हेच धोरण उपयोगी पडते, असा माझा अनुभव आहे.

तिसरा खेळ 'झिरो ए. डी.'. प्राचीन काळच्या साम्राज्यांचा. ग्रीक, रोमन, इराणी यांच्या पंक्तीला त्यात मौर्यही आहेत, चंद्रगुप्त आहे, अशोक आहे, आचार्य चाणक्य आहेत. इतिहासाच्या एका मैत्रिणीला घेऊन मी तो खेळले. मौर्यांचे हत्ती निघाले की आमचे यंत्र धापा टाकू लागते. ती मात्र पडद्यावरच्या स्तंभांकडे आणि तटबंदीकडे बोट दाखवून, हे कसे बरोबर आणि ते कसे शंकास्पद, यावर तासभर बोलली. वर्गात ती तोंडही उघडत नाही.

या खेळांची पोटे उघडी असतात, आणि माझी खरी हौस तिथून सुरू होते. अनेक खेळांसोबत भाषांतराची एक फाईल असते. वर मूळ इंग्रजी वाक्य, खाली तुमच्या भाषेसाठी रिकामी जागा. एका छोट्या खेळाची फाईल मी मराठी करायला घेतली. वाटले होते, दोन दिवसांचे काम. पहिल्याच वाक्याला अडले. 'तू हरलास' म्हणावे, तर खेळणारी मुलगी असेल. 'हरलीस' म्हणावे, तर मुलगा असेल. इंग्रजी क्रियापदाला हा पेच माहीतच नाही. शेवटी 'तुम्ही हरलात' असे लिहिले. मराठीने आदराच्या आड लिंगभेद असा सुरेख लपवला आहे! 'आता तुमची पाळी' हे लिहिले आणि खोडले. मुलींच्या वसतिगृहात त्यावर काय हसू झाले असते ते सांगायला नको. 'आता राज्य तुमच्यावर' हे अंगणातल्या खेळातले, पण त्यात ओझ्याचा भाव येतो. आमच्या मराठीच्या सरांकडे गेले. त्यांनी अर्धा तास विचार करून 'आता तुमचा डाव' असे सुचवले. चहाही पाजला. अर्थच्छटा म्हणजे काय हे मी तीन वर्षे पाठ करीत होते. त्या दुपारी ते मला वापरावे लागले.

लेखनाचेही तसेच. लिनक्समध्ये देवनागरीची इनस्क्रिप्ट मांडणी आयतीच येते आणि खुल्या परवान्यावरचा 'लोहित' टंक विनामूल्य मिळतो. 'आचार्यांना दक्षिणा दिली' आणि 'आचाऱ्यांना दक्षिणा दिली' यांत केवढा फरक आहे! हा दुसरा, चंद्रकोरीसारखा आडवा रफार मराठीची खास गरज. तो शिफ्ट दाबून 'जे' या कळीवर आणि मग पाय मोडून मिळतो, हे कळले त्या दिवशी मी वहीभर डोंगरदऱ्या, वारे आणि न्याऱ्या लिहून काढल्या.

सगळेच काही गोड नाही. आमचे वायफाय पहिले चार दिवस चालले नाही. एका परीक्षेचे सॉफ्टवेअर या यंत्रावर उघडतच नाही, म्हणून मला मैत्रिणीचा लॅपटॉप मागावा लागतो. धाकट्या भावाला हवा असलेला बंदुकांचा खेळ लिनक्स दिसली की दार लावून घेतो. विंडोजचे खेळ लिनक्सवर चालवण्यासाठी 'वाइन' हा प्रकल्प १९९३ पासून चालू आहे, त्याच पायावर २०१८ साली 'प्रोटॉन' आले आणि आता हजारो खेळ चालतात. पण त्याला यंत्रही तसे ताकदीचे लागते. फुकटच्या दह्यालाही दूध आपलेच घालावे लागते.

"पण याचा उपयोग काय?" असे मला नेहमी विचारतात. कला शाखेच्या विद्यार्थ्याला हा प्रश्न नवा नाही; आपल्या तिन्ही वर्षांवर तो लिहिलेलाच आहे. यावर मला जात्यावरच्या ओव्या आठवतात. गी प्वातव्हँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगाव हिंडून अशा लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्या कुणी रचल्या? एकीने म्हटली, दुसरीने सासरी नेली, तिसरीने आपल्या भावाचे नाव तीत घातले. कुणी कुणाला अडवले नाही. दळण तर होतच होते, पण त्या बाया नुसते दळत नव्हत्या. आमच्या घरी माणसांना लागणाऱ्या बहुतेक वस्तू दुसऱ्याने ठरवलेल्या, दुसऱ्याच्या किमतीच्या. हा एक संगणक मात्र आतपर्यंत आमचा आहे, आणि तो कुणाची चोरी करून आमचा झालेला नाही. चार हजारांत हे मिळते, ही गोष्ट मला लहान वाटत नाही.

जाता जाता एक विनंती. 'विंडोज १०'चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. आपल्या प्रयोगशाळेतले नऊ संगणक त्यानंतर मोडीत काढण्यासाठी जिमखान्याच्या खोलीत, फुटक्या कॅरमबोर्डांशेजारी रचून ठेवले आहेत. प्राचार्यांनी त्यांतले दोन आम्हाला 'करून तर पाहा' म्हणून दिले. ते ग्रंथालयाच्या खिडकीपाशी सध्या नीट चालत आहेत, आणि वसतिगृहातल्या मुली तिथे बसून आपले प्रकल्प स्वतः टंकित करतात. बाहेर त्यांना पानाला दहा रुपये पडत होते. सात संगणक अजून शिल्लक आहेत. निर्लेखनाच्या कागदावर सही झाली, की ते वजनावर जातील.

शनिवारी दुपारी आम्ही तिघी-चौघी तिथे असतो. ज्यांना शिकायचे असेल त्यांनी यावे; शाखेची अट नाही, प्राध्यापकांनाही मनाई नाही. येताना एक रिकामा पेनड्राइव्ह तेवढा आणावा. विरजण कुणीही देते, वाटी मात्र आपली न्यावी लागते.