कार्ड मिळाले, पण पैसे केव्हा उचलावे?



उन्हाळ्यात गावोगाव बैठकांना गेलो की हा प्रश्न हमखास येतो. कुणीतरी खिशातून नवे कोरे किसान क्रेडिट कार्ड काढतो आणि विचारतो, “साहेब, कार्ड तर झालं. आता पैसे कधी उचलू?” कागदपत्रे, सातबारा, फेरफार यांत महिना-दोन महिने हेलपाटे घातलेले असतात. कार्ड हाती पडले की त्याच दिवशी सगळी रक्कम काढून घरी आणावी, असे त्याला वाटते. त्याचे काही चुकत नाही. बारा वर्षांपूर्वी मलाही तसेच वाटत होते.

परभणीच्या कृषी विद्यापीठातून मी बी. एस्सी. झालो आणि शेतीखात्यात नोकरीला लागलो. घरची शेती थोरल्या बंधूंकडे राहिली. साडेसात एकर, बहुतेक कोरडवाहू. २०१४च्या एप्रिलअखेर दादाला एक लाखाच्या मर्यादेचे कार्ड मिळाले. मी सुटीला गेलो होतो. त्याने मला विचारले आणि मी शहाण्यासारखा सल्ला दिला, “जूनमध्ये शाखेत मुंगी शिरायला जागा नसते. आत्ताच काढून ठेव, ऐन पेरणीत धावपळ नको.”

दादाने मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात लाखच्या लाख काढले आणि ट्रंकेत ठेवले.

आता घरात पैसा आहे हे शेजारच्या मांजरालाही कळते, हे तुम्हाला मी काय सांगावे? आधी गोठ्यावरचे पत्रे झाले. ती गरज खरीच होती. मग भाच्याचे लग्न आले, मामाला हात आखडता कसा घेता येईल? साडूला पंधरा हजार हातउसने गेले, ‘आठ दिवसांत देतो’ या बोलीवर. आणि त्या वर्षी मृग कोरडा गेला. जून सरला तरी पाऊस नाही. जनावरांना कडबा विकत घ्यावा लागला. जुलैच्या मध्यात पेरणीजोगा पाऊस झाला तेव्हा ट्रंकेत उरले होते एकोणीस हजार. बियाणे आणि खत दुकानदाराकडून उधारीवर उचलावे लागले. पुढे पावसाने पुन्हा ताण दिला. सोयाबीन एकरी दोन-अडीच क्विंटलच्या वर गेले नाही, आणि तेही उधारीपोटी त्याच दुकानदाराच्या काट्यावर घालावे लागले. बँकेची मुदत टळली, व्याजाची सवलत गेली. पुढल्या वर्षी थकबाकी भरायला वहिनींच्या पाटल्या सराफाकडे गहाण पडल्या.

वहिनी मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. एकदा जेवायला वाढताना एवढेच म्हणाल्या, “भाऊजी, तुम्ही शिकलेले, म्हणून यांनी ऐकलं.” तो घास मला अजून आठवतो.

चूक कुठे झाली ते पुढे नीट समजून घेतले. ही योजना १९९८मध्ये सुरू झाली ती मुळात अशासाठी, की शेतकऱ्याला गरज पडेल तेव्हा, गरजेपुरता पैसा उचलता यावा आणि हाती आला की भरता यावा. कार्डावर लिहिलेली रक्कम ही मर्यादा आहे. ती उचलेपर्यंत तुमच्या डोक्यावर कर्ज नाही आणि व्याजही नाही. ज्या दिवशी जेवढे उचलाल, त्या दिवसापासून तेवढ्यावर व्याज चालू होते. दादाचे एक लाख ७ टक्के दराने सत्तर दिवस नुसते ट्रंकेत राहिले असते, तरी व्याज सुमारे १३४० रुपये झाले असते. आजच्या भावाने डीएपीची एक गोणी म्हणा ना.

यावर एक हुशार गडी मला बैठकीत म्हणाला, “साहेब, आता व्याज शून्य आहे. मग लवकर उचललं तर बिघडलं कुठं?” मुद्दा विचार करण्यासारखा आहे. ३ लाखांपर्यंतच्या पीककर्जाला दर ७ टक्के आहे. वेळेत फेडले तर केंद्राकडून ३ टक्के सवलत मिळते, आणि आपल्या राज्यात डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेतून उरलेला भारही उतरतो. पण हे सारे ‘वेळेत फेडले तर’ या तीन शब्दांवर उभे आहे. आणि वेळेत फेडायचे तर पैसा पिकात गेला पाहिजे, पत्र्यात आणि आहेरात नव्हे. लवकर उचलण्यात व्याजाचा तोटा लहान आहे. खरा तोटा पेरणीच्या दिवशी कळतो. मुदत संपताना दोन दिवसांसाठी सावकाराकडून पैसे आणून ‘नवं-जुनं’ करणारे तुमच्याही गावात असतील. त्यांच्या शून्य टक्क्याचा हिशेब एकदा त्यांच्या बायकोला विचारा.

घरखर्चाला काहीच नाही असेही नाही. मर्यादा ठरवताना पीककर्जाच्या १० टक्के रक्कम घरखर्च आणि काढणीनंतरच्या गरजांसाठी धरतात, तर २० टक्के शेतीच्या साधनांच्या देखभाल-दुरुस्तीसाठी. लग्न त्यात बसत नाही, एवढे खरे.

पण म्हणून कार्ड देव्हाऱ्यात ठेवून त्याला हळदकुंकू लावणारेही मी पाहिले आहेत. आमच्या शेजारचे एक काका कर्जाच्या भीतीने दोन वर्षे कार्डाला शिवले नाहीत, आणि बी-खत मात्र उधारीवर आणत राहिले. उधारीचा भाव रोखीपेक्षा चढा असतो, आणि माल कुणाला घालायचा हेही उधारी देणाराच ठरवतो. तेही कर्जच, फक्त त्याला पासबुक नाही. तेव्हा उधारीच्या वहीत नाव चढण्याआधी कार्ड बाहेर काढा.

आमच्या घरी आता असे चालते. मे महिन्यात घरच्या सोयाबीनचे शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवून उगवण पाहतात. सत्तरच्या वर उगवले तर बियाणे विकत घ्यायचे नाही. त्याला पैसा लागत नाही. ऐन हंगामात खताची टंचाई होते, म्हणून खतापुरती रक्कम मेअखेर उचलतात आणि त्याच दिवशी गोण्या घरी येतात. पेरणीची मजुरी, ट्रॅक्टरभाडे आणि विकतचे बी घ्यायचे असेल तर ते, हे पाऊस झाल्यावर. फवारणी-खुरपणीला तिसरी उचल. सोयाबीन विकले की आधी भरणा, मग हरभऱ्यासाठी लागेल तेवढे पुन्हा. भरण्याची शेवटची तारीख वहिनींनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेन्सिलीने गोल करून ठेवलेली असते. पीकविम्याचा हप्ता कर्जदाराला आता ऐच्छिक आहे, तोही भरायचा की नाही हे त्या दोघे बसून ठरवतात.

‘पाऊस झाल्यावर’ म्हणजे किती, यावर मात्र दादा आणि वहिनींचे जमत नव्हते. सोयाबीनला ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याखेरीज पेरू नये, असे मी सांगत आलो. म्हणजे तीन ते चार इंच. दादा ढेकूळ फोडून ओल पाहणारा माणूस. शेवटी वहिनींनी सरळ भिंतीचा एक पत्र्याचा डबा अंगणाच्या मध्यावर ठेवला आणि नातवाची फूटपट्टी मागून घेतली.

मागच्या मृगात मी तिथेच होतो. पहिल्या सरीला दादा टोपी घालून निघाला. वहिनींनी पट्टी बुडवून पाहिली आणि म्हणाल्या, “सव्वा इंच. टोपी काढा.” चार दिवसांनी साऱ्या सरी मिळून साडेतीन इंच भरले, तेव्हा त्यांनीच कपाटातून कार्ड काढून दिले, आणि चिठ्ठीवर रक्कम लिहून दिली. बियाणे घरचे होते, म्हणून आकडा फक्त अकरा हजारांचा होता.